अठरा हजारांचे दहा हजार कसे झाले?

वाचकांचे प्रश्न : घरातलं इलेक्ट्रॉनिक्स

या सदरात एरवी इन्व्हर्टर, पंपाचे स्टार्टर आणि टीव्हीचे बोर्ड यांचे प्रश्न येतात. गेल्या तीन महिन्यांत मात्र एका वेगळ्याच विषयाची पत्रं साठली आहेत : घरी बांधलेलं विमानाचं कॉकपिट. संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवायचा, पण माउसने टिचक्या मारण्याऐवजी समोर प्लायवूडचं पॅनेल उभं करायचं. त्यात खऱ्या गुंड्या, खऱ्या कळा आणि लाल आकड्यांच्या खिडक्या बसवायच्या. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरलाही आहे. शिकाऊ वैमानिकांची विमानं डोक्यावरून जाताना बघत आपल्याकडची पोरं मोठी होतात, त्यामुळे या पत्रांचं मला नवल वाटलं नाही, आनंद मात्र खूप झाला. मीही दोन उन्हाळे खपून भाचीसाठी सेसना १७२ चं असंच एक पॅनेल बांधलं आहे. म्हणून हा सगळा अंक आकड्यांच्या डिस्प्लेंनाच देतो.

प्रश्न : दादा, मी बोइंग ७३७ विमानाचं ऑटोपायलटचं पॅनेल बनवलंय. त्यात उंचीची पाच आकडी खिडकी आहे. परवा गुंडीने १८००० लावले तर खिडकीत १०००० दिसले. विमान १०००० ला थांबेना, वरच जात राहिलं. मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं, दोनदा काढून पुन्हा टाकलं, दोन रात्री गेल्या. मित्राने येऊन सगळं तपासलं आणि म्हणाला, "बठ्ठं बरोबर शे, पन आकडा खोटा शे." आता कुठे बघू? – एक वाचक, धुळे

उत्तर : भाऊ, तुमच्या मित्राने दुखणं अचूक सांगितलं. सॉफ्टवेअरला हात लावू नका. विमानाला १८००० हाच हुकूम गेला होता, खिडकी तेवढी चुकीचं बोलली.

सेव्हन सेगमेंट डिस्प्लेत सात पट्ट्या असतात. वरची ए, तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बी, सी, डी, ई, एफ आणि मधली आडवी जी. आठ लिहायला सातही लागतात. मधली जी लागली नाही की आठाचा शून्य होतो. तुमच्या १८००० चे १०००० झाले ते असे. गुंडी फिरवताना २ आणि ४ तुटके दिसून गेले असणार, पण फिरत्या आकड्यावर नजर थांबत नाही. थांबलेला आकडा शून्यासारखा सुबक होता, म्हणून तुम्ही त्यावर विश्वास ठेवला.

ही फसवणूक जी पट्टीपुरती नाही. ई गेली तर ६ चा ५ होतो आणि ८ चा ९. बी गेली तर ८ चा ६ आणि ९ चा ५. एफ गेली तर ९ चा ३. ए गेली तर ७ चा १. सगळेच्या सगळे पटण्यासारखे आकडे! पूर्ण बंद पडलेला डिस्प्ले निदान बंद आहे हे तरी कळतं.

भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये मी ३१ वर्षं काढली. इंजिनातल्या मुख्य ब्रेकरला आम्ही डीजे म्हणतो. त्याच्यासाठी एलएसडीजे नावाचा लाल दिवा असतो. डीजे उघडा असला की दिवा लागतो, डीजे मिटला की विझतो. आता तो बल्बच उडालेला असेल तर? डीजे उघडा असूनही दिवा विझलेलाच, म्हणजे "सगळं ठीक" असं सांगणारा. म्हणून दिवा विझलेला दिसला तर आधी तो जिवंत आहे का हे बघायचं, हे आमच्या वरिष्ठांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं. ७३७ च्या मुख्य पॅनेलवरही टेस्ट, ब्राइट, डिम अशी तीन जागांची दिव्यांची कळ असते, ती त्याचसाठी. तुमच्या पॅनेलवरही एक बटण ठेवा. ते दाबलं की सगळ्या खिडक्यांत सगळीकडे ८ आणि सगळे टिंब लागले पाहिजेत. आकड्यांचे डिस्प्ले चालवणाऱ्या मॅक्स ७२१९ या आयसीत त्यासाठी डिस्प्ले टेस्टची सोय आतच आहे, फक्त प्रोग्रामातून तिला हाक मारायची. उड्डाणाआधी दोन सेकंद बटण दाबायचं आणि प्रत्येक घरावर, म्हणजे एकेका आकड्याच्या जागेवर, बोट ठेवत जायचं. उंचीच्या खिडकीतली शेवटची दोन घरं तर कायम ०० दाखवतात, कारण उंची शंभराच्या टप्प्याने बदलते. तिथली जी पट्टी मेली असेल तर या चाचणीशिवाय जन्मात कळणार नाही.

आता बिघाड कुठे ते बघू. चाचणी लावल्यावर एकाच घरातली जी बंद असेल तर त्या घराचा सोल्डर बघा. ०.५६ इंची दहा पायांच्या सुट्या डिस्प्लेत जी म्हणजे १० नंबरचा पाय, वरच्या रांगेत अगदी डावीकडचा. आयसीला जोडलेल्या आठही घरांतली जी बंद असेल तर घरं निर्दोष आहेत, आयसीच्या १७ नंबरच्या पायापासून निघणारी वायर सुटली आहे. एक अख्खं घर अंधारात असेल तर त्या घराची कॉमन, म्हणजे सगळ्या पट्ट्यांची सामायिक वायर गेली. आणि दोन पट्ट्या नेहमी जोडीनेच लागत असतील तर दोन पायांमध्ये सोल्डर सांडला आहे.

माझा अंदाज ड्राय सोल्डरचा, म्हणजे नीट न धरलेल्या जोडाचा आहे. भिंग घेऊन दहाव्या पायाकडे बघा. चांगला सोल्डर पायाला धरून उतरत्या उतारासारखा बसतो आणि चकाकतो. ड्राय सोल्डर करडा, गोळीसारखा फुगीर असतो आणि पायाभोवती केसाएवढी गोल रेघ दिसते. पॅनेल थंड असताना ती रेघ मिटलेली असते, तापलं की उघडते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पायाला आणि बोर्डाला एकदम टेकवा, दोन सेकंद तापू द्या, मग सोल्डरची नवीन तार लावा. नुसत्या जुन्या गोळीला इस्त्री लावून वितळवलं तर ती पुन्हा तशीच बसेल. आधी थोडं रोझिन (राळ) लावा.

आणखी एक काम आत्ताच करा, नंतर होणार नाही. तुमच्या पॅनेलला कोर्स ३, वेग ३, दिशा ३, उंची ५, चढ-उताराचा वेग ५ आणि दुसरा कोर्स ३ अशी २२ घरं असणार. म्हणजे तीन आयसी आणि पॅनेलमागे वायरींचं जंगल. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर घाला. इंजिनात प्रत्येक वायरीला फेरूल, म्हणजे नंबराची छोटी नळी असते, रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडातसुद्धा हवी ती वायर हाताला लागते. तुम्ही आयसीचा नंबर आणि पट्टीचं अक्षर लिहा : २-जी, ३-ई असं. सेलोटेपवर पेनने लिहू नका, उन्हाळ्यात त्याचा डिंक पाझरतो आणि चिठ्ठ्या घसरून एका जागी गोळा होतात. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात छापील अंकांचे फेरूल मिळतात, ते आणा.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. एक सेव्हन सेगमेंट आणला, कॉमनला एक ३३० ओहमचा रेझिस्टर लावला आणि आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करायच्या छोट्या बोर्डाला जोडला. १ झगझगीत दिसतो, ८ अगदी मंद. डिस्प्ले खराब निघाला का? अशी चार घरं जोडून मला ट्रान्सपाँडर (रडारला विमानाचा कोड सांगणारं यंत्र) करायचाय. – विद्यार्थी, चोपडा

उत्तर : डिस्प्ले चांगला आहे बाळा, रेझिस्टरची जागा चुकली. हिशोब कर. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, ५ मधून उरले ३. तीन भागिले ३३० म्हणजे ९ मिलिअँपिअर. रेझिस्टर एकच आहे, म्हणून एवढाच करंट सगळ्यांना मिळून जाणार. १ ला दोन पट्ट्या लागतात, प्रत्येकीला साडेचार. ८ ला सात लागतात, प्रत्येकीच्या वाट्याला सव्वा. एका भाकरीचे दोन वाटे आणि सात वाटे, एवढाच फरक. कॉमनवरचा रेझिस्टर काढ आणि प्रत्येक पट्टीच्या वायरीत ३३० चा एक-एक घाल. टिंबासह आठ रेझिस्टर लागतील. मग १ आणि ८ सारखेच दिसतील.

हे सुधारल्यावर एक नवी गोष्ट उभी राहते. आता ८ दाखवताना कॉमनमधून सात गुणिले ९, म्हणजे ६३ मिलिअँपिअर जातात. तुझ्या नॅनोच्या एका पायाची शेवटची मर्यादा ४० आहे. कॉमन थेट ग्राउंडला असेल तर अडचण नाही. पण चार घरं आळीपाळीने लावायची म्हणून कॉमन नॅनोच्या पायाला दिलास तर तो पाय आज ना उद्या जळेल. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घाल.

आळीपाळीने म्हणजे काय ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चार घरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या वायरींनी जोडल्या तर टिंबांसह ३२ वायरी होतात. त्याऐवजी चारही घरांच्या ए एकमेकींना जोडायच्या, बी एकमेकींना, अशा आठ वायरी. शिवाय प्रत्येक घराची कॉमन वेगळी, त्या चार. एका वेळी एकच घर लावायचं, पण इतक्या झपाट्याने की डोळ्याला चारही लागलेली दिसतात. मॅक्स ७२१९ हे काम सेकंदाला सुमारे ८०० फेऱ्यांनी करतो. खोलीत अंधार कर आणि पेटलेला डिस्प्ले हातात धरून जोरात हलव. आकड्यांची सलग रेघ न उमटता तुटक-तुटक ठिपके दिसतील. मी भाचीला हे दाखवलं तेव्हा ती पाच मिनिटं तो डिस्प्ले हलवतच बसली होती.

तुझ्या खिशाला परवडलं तर ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टरांच्या नादी न लागता मॅक्स ७२१९ च घे. एक आयसी आठ घरं सांभाळतो. नॅनोकडून त्याला डेटा, क्लॉक आणि लोड अशा तीनच वायरी लागतात. पट्ट्यांसाठी वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, १८ नंबरच्या पायाला एकच रेझिस्टर लावून सगळ्यांचा करंट ठरतो. १० किलोओहमला प्रत्येक पट्टीला जवळपास ४० मिलिअँपिअरचा झटका मिळतो, पण आठातल्या एकाच पाळीत, म्हणून सरासरी पाचच. याहून कमी ओहमचा लावू नकोस. मात्र तू आठऐवजी चारच घरं फिरवलीस तर प्रत्येकाची पाळी लवकर येईल आणि उजेड वाढेल. तेव्हा २२ किलोओहमने सुरुवात कर.

ट्रान्सपाँडरचं एक ध्यानात ठेव. त्याच्या प्रत्येक घरात ० ते ७ एवढेच आकडे असतात, ८ आणि ९ नाहीत. आठ गुणिले आठ गुणिले आठ गुणिले आठ, एकूण ४०९६ कोड. तेव्हा गुंडीच्या प्रोग्रामात ७ नंतर ० आला पाहिजे. ७७०० म्हणजे आणीबाणी, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७५०० म्हणजे अपहरण. खरे वैमानिक कोड बदलताना हे आकडे चुकूनही वाटेत लागू नयेत याची काळजी घेतात, तीच सवय तू लावून घे.

प्रश्न : सर, माझ्या पॅनेलमध्ये रेडिओ आणि ऑटोपायलट मिळून २४ घरं आहेत, मॅक्स ७२१९ चे तीन मॉड्यूल एकामागे एक जोडलेत. टेबलावर उत्तम चालतं. पॅनेलमध्ये बसवल्यावर शेवटचा मॉड्यूल मंद दिसतो, कधीकधी सगळीकडे ८ लागून राहतात आणि सगळं उजळलं की संगणक "यूएसबी तुटला" म्हणतो. आणि लाइट जाऊन आली की डिस्प्ले काळेच राहतात. आयसी डुप्लिकेट असतील का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : चार तक्रारी आहेत आणि चारही तुमच्या सप्लायच्या वायरींपाशी येऊन थांबतात. आयसीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या.

आधी भूक मोजा. एका क्षणी एका आयसीचं एकच घर पेटतं, टिंबासह आठ पट्ट्या, प्रत्येकी ४०. म्हणजे ३२० मिलिअँपिअर. तीन आयसींचे ९६०. हे सगळीकडे ८ असताना. रोजच्या आकड्यांत सरासरी पाच पट्ट्या लागतात असं धरलं तरी ६०० च्या घरात जातं. संगणकाचा साधा यूएसबी ५०० देतो. टेबलावर तुम्ही बहुधा एकेक मॉड्यूल तपासला असेल, म्हणून निभावलं. डिस्प्लेंना ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्या. त्याचा प्लस फक्त डिस्प्लेंना, यूएसबीच्या ५ व्होल्टला जोडायचा नाही. पण ग्राउंड (मायनस) मात्र आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायलाच हवा. तो जोडला नाही तर डेटाच्या तीन वायरींना संदर्भच उरत नाही, मग वाट्टेल ते आकडे नाचतात.

आता मंद उजेड. तुम्ही रिबन केबलची बारीक तार वापरली असेल. २८ गेजची तार मीटरला ०.२१ ओहम घेते. अडॅप्टरपासून दोन मीटर जायचं आणि दोन मीटर यायचं, चार मीटर झाले. १ अँपिअर गेला की ०.८५ व्होल्ट वाटेतच संपतात, ५ चे ४.१५ होतात. शेतात पंपाला लांबून बारीक केबल टाकली की मोटर कुंथते, तेच हे. घरच्या वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तार घ्या, तिच्यात ०.०७ व्होल्टच पडतील. आणि सप्लाय एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा ओढत नेऊ नका. डेटा तसा जातो : पहिल्याचा २४ नंबरचा पाय दुसऱ्याच्या १ नंबरला. सप्लायच्या वायरी मात्र एका ठिकाणाहून तिघांना वेगवेगळ्या न्या.

सगळीकडे ८ लागण्याने मलाही महिनाभर छळलं आहे. भाचीच्या खोलीतला कुलर चालू केला की पॅनेलच्या सगळ्या खिडक्या पूर्ण उजेडात ८८८८ दाखवायच्या आणि तशाच राहायच्या. आधी वाटलं प्रोग्रामात चूक आहे. मग लक्षात आलं की कुलरची कळ दाबतानाच होतं. मोटरचा झटका डेटाच्या वायरीत शिरतो, आयसीला वाटतं हुकूम आला आणि तो डिस्प्ले टेस्टमध्ये जाऊन बसतो. मी पॅनेल उघडलं. आयसीचे ग्राउंडचे पाय दोन आहेत, ४ आणि ९, मी ४ च जोडला होता. ९ जोडला. प्रत्येक आयसीच्या अगदी पायाशी, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक घातला. डेटाच्या वायरी कुलरच्या वायरीपासून हातभर लांब नेल्या. त्यानंतर दोन उन्हाळे झाले, एकदाही ८८८८ आलेलं नाही. तुमच्या मॉड्यूलवर हे कपॅसिटर असतीलही, पण डोळ्यांनी बघून खात्री करा.

राहिलं लाइट जाण्याचं. हा प्रकार खास आपल्याकडचा आहे. लाइट गेली की अडॅप्टर बंद पडतो, डिस्प्ले विझतात. पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, म्हणून आर्डुइनोही चालू असतो. लाइट परत येते तेव्हा मॅक्स ७२१९ नव्याने जागा होतो, आणि जागा झाल्याबरोबर तो स्वतःला बंद अवस्थेत ठेवतो. कोणीतरी "चालू हो" म्हटल्याशिवाय काही दाखवत नाही. तो हुकूम आर्डुइनोने सुरुवातीला एकदाच दिलेला असतो, त्याला मधलं काही कळलेलंच नसतं. प्रोग्राम तुमचा स्वतःचा असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी सुरुवातीचे सगळे हुकूम पुन्हा पाठवा : चालू, टेस्ट बंद, किती घरं, किती उजेड. याने कुलरचा त्रासही आपोआप निस्तरतो. मोबिफ्लाइटसारखं तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर लाइट आल्यावर आर्डुइनोचं रिसेट दाबून ते पुन्हा जोडून घ्या. याहून बरं म्हणजे अडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या.

प्रश्न : महोदय, नातवाने मागितले म्हणून विचारतो. रेडिओच्या खिडकीला किती आकडे लागतात? डावीकडचे शून्य दाखवायचे की नाही? दुकानदार विचारतो आणि मला सांगता येत नाही. – निवृत्त शिक्षक, शहादा

उत्तर : गुरुजी, बोलण्याचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान चालतो, त्याला सहा घरं घ्या आणि तिसऱ्या घराचं टिंब लावा, उदाहरणार्थ ११८.१०० असं. दिशा दाखवणाऱ्या नॅव्ह रेडिओला १०८.०० ते ११७.९५, पाच घरं पुरतात. प्रत्येक रेडिओला दोन खिडक्या असतात : चालू असलेली आणि तयारीतली. म्हणजे हिशोब दुप्पट. हवेच्या दाबाची खिडकी करणार असाल तर आपल्याकडे तो हेक्टोपास्कलमध्ये देतात, १०१३ सारखा, चार घरं. अमेरिकेत पारा इंचांत मोजतात, २९.९२, तेव्हा दुसऱ्या घराला टिंब.

शून्याचा प्रश्न फार चांगला विचारलात. दिशा नेहमी तीन अंकी असते, ५ अंश असतील तर ००५ दिसायलाच हवं, वैमानिक बोलतोही "शून्य शून्य पाच". उंचीला डावीकडचं शून्य नको. ते घर कोरं ठेवायचं तर प्रोग्रामातून तिथे कोरा आकडा पाठवा. घरांची संख्या कमी-जास्त करून शून्य लपवू नका, त्याने उरलेल्या घरांचा उजेड बदलतो. खाली उतरताना लागणारी वजाबाकीची खूण मधल्या जी पट्टीने होते. अधिकची खूण सात पट्ट्यांत बसत नाही, तिची जागा कोरी राहू द्या.

प्रश्न : मॅक्स ७२१९ घेतला आणि डिस्प्ले चुकून कॉमन अ‍ॅनोडचे आणले. आता? – एक वाचक, पाचोरा

उत्तर : हा आयसी कॉमन कॅथोडचा आहे, म्हणजे पट्ट्यांची सामायिक वायर मायनसची असलेल्या डिस्प्लेंचा; कॉमन अ‍ॅनोडमध्ये ती प्लसची असते. घरं आणि पट्ट्यांच्या वायरी उलटसुलट करून प्रोग्रामातून जमवता येतं, पण तयार सॉफ्टवेअरला ते कळणार नाही आणि बिघाड शोधताना तुम्हीच गोंधळाल. दुकानदार बदलून देत असेल तर बदला. नाहीतर या डिस्प्लेंसाठी टीएम १६३७ घ्या, तो कॉमन अ‍ॅनोडचाच आहे आणि सहा घरं सांभाळतो. पुढच्या वेळी दुकानातच मल्टिमीटर डायोडवर ठेवा, काळी पिन मधल्या पायाला, लाल पिन बाजूच्या कोणत्याही पायाला. पट्टी लागली तर कॉमन कॅथोड.

प्रश्न : नॅनोऐवजी ३.३ व्होल्टचा वायफायवाला बोर्ड वापरला. डिस्प्ले कधी चालतात, कधी नाही. – एक वाचक, जळगाव

उत्तर : ५ व्होल्टवर चालणाऱ्या मॅक्स ७२१९ ला "एक" ओळखायला किमान ३.५ व्होल्ट लागतात. तुमचा बोर्ड ३.३ च देतो. मध्ये ७४एचसीटी१२५ घाला, ते ३.३ घेऊन ५ देतं.

प्रश्न : दिवसा खिडकीतून ऊन आलं की आकडे दिसतच नाहीत. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : उजेड वाढवू नका, समोर लाल पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावा. बाहेरचा पांढरा प्रकाश बराचसा ते गिळतं, तुमचा लाल मात्र बाहेर सोडतं. न लागलेल्या पट्ट्यांचे करडे सांगाडेही दिसेनासे होतात. मग मॅक्स ७२१९ च्या १६ पायऱ्यांपैकी निम्म्यावर ठेवूनसुद्धा आकडा स्वच्छ वाचता येईल.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. सुट्टीत वरच्या खोलीत दार लावून दिवसभर सोल्डरिंग करतो. विमानाचं काहीतरी बनवतो एवढंच मला कळतं. घर धाब्याचं आहे, वर पत्र्याची खोली. मला शॉकची भीती वाटते. थांबवू का? – एक आई, यावल

उत्तर : ताई, थांबवू नका. पण आज संध्याकाळी एकदा वर जाऊन तीन गोष्टी स्वतः बघा.

डिस्प्लेला जाणारे ५ व्होल्ट आहेत, त्याचा शॉक बसत नाही. धोका असलाच तर भिंतीच्या सॉकेटपासून सप्लायच्या डब्यापर्यंतच्या २३० व्होल्टचा आहे. काही मुलं स्वस्त मिळतो म्हणून जाळीचा पत्र्याचा एसएमपीएस (सप्लायचा डबा) आणतात, त्याचे स्क्रू उघडे असतात आणि एका बाजूच्या स्क्रूंवर थेट घरची लाइट असते. तसा दिसला तर तो आजच बाजूला ठेवायला सांगा आणि मोबाइल चार्जरसारखा बंद प्लास्टिकचा अडॅप्टर आणून द्या. सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

दुसरं, दार. सोल्डर वितळतो तेव्हा रोझिनचा धूर निघतो, तो छातीत जाऊ नये. दार-खिडकी उघडी हवी आणि एखादा लहान पंखा धूर बाहेर ढकलेल असा ठेवलेला हवा, तोंडावर येणारा नको. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसूच देऊ नका. सकाळी दहाच्या आत आणि दिवेलागणीनंतर काम करू दे, सोल्डरही तेव्हा नीट बसतो, घामाचे हात डिस्प्लेच्या पायांना लागत नाहीत. इस्त्रीला स्टँड हवाच, गादीवर किंवा कापडावर ठेवलेली दिसली तर रागवा.

तिसरं, सोल्डरच्या तारेत शिसं असतं. ते हाताला लागलेलं दिसत नाही. खाली जेवायला बोलावलंत की भाकरीला हात लावण्याआधी साबणाने दोनदा हात धुवायला लावा, आणि फरसाणाची वाटी वर नेऊ देऊ नका.